प्रकल्पाची परवानगी नकाशावर ठरते. पण तो नकाशा वाचायचा कसा?

ग्रामपंचायतीच्या फलकावर एक दिवस कागद लागतो: ‘पर्यावरणविषयक जाहीर लोकसुनावणी’. खाली प्रकल्पाचं नाव, गट नंबर, तारीख आणि जागा. तासाभरात त्याचा फोटो गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो आणि पाठोपाठ कोणीतरी एक नकाशा टाकतो. उपग्रहाच्या हिरव्या-तपकिरी चित्रावर लाल रेघेनं आखलेला एक वेडावाकडा तुकडा. मग ग्रुपवर एकच गलका. आपली विहीर आत गेली का? हा सडा आपला की शेजारच्या गावाचा? वहाळ कुठे दिसतोय यात? नीट उत्तर कोणालाच देता येत नाही, कारण नकाशा फोटोच्या रूपात आलेला असतो आणि मोठा करायला गेलं की धुरकट होतो.

खरं तर त्या लाल रेघेमागे एक छोटीशी फाइल असते. ती आपल्या फोनवरही उघडते. मोठी खाण असो, धरण असो की बंदर, भारतात प्रकल्पाच्या पर्यावरण परवानगीचं बरंचसं गणित आज या फाइलपासून सुरू होतं. प्रकल्प अभयारण्यापासून किती दूर, जंगलात किती, भरती रेषेच्या आत किती, फाइल दिल्लीला जाणार की मुंबईत राहणार, हे सगळं त्या रेघेवरून मोजलं जातं. रेघ चुकली की पुढचं सगळं चुकतं.

आधी कायदा, अगदी थोडक्यात

भारतात पर्यावरण परवानगीचा गाडा १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेवर चालतो. ती १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली काढलेली आहे. प्रकल्पांचे ढोबळ दोन वर्ग: ‘अ’ वर्गाचा निर्णय केंद्रीय पर्यावरण मंत्रालय घेतं, ‘ब’ वर्गाचा राज्य पातळीवरचं प्राधिकरण. ‘अ’ वर्ग आणि ‘ब’मधले मोठे प्रकल्प यांना पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल करावा लागतो आणि, काही अपवाद सोडले तर, लोकसुनावणी घ्यावी लागते. ही सुनावणी राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवतं, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी तिथे बसतो आणि नोटिशीसाठी किमान ३० दिवसांची मुदत असते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, मिळायला हवा.

पूर्वी हे सगळं गठ्ठ्यांनी चालायचं. ऑगस्ट २०१८ मध्ये ‘परिवेश’ नावाचं पोर्टल सुरू झालं आणि पर्यावरण, वन, वन्यजीव आणि किनारपट्टी या चारही परवानग्यांचे अर्ज एका खिडकीतून जायला लागले. अर्ज करताना प्रकल्पाची हद्द ‘केएमएल’ प्रकारच्या फाइलमध्ये चढवावी लागते. पोर्टलच्या नव्या आवृत्तीत तर नकाशांचे थर आधीच भरलेले आहेत. तुमची हद्द त्यावर पडली की आसपास काय आहे ते यंत्रणा स्वतःच सांगते.

केएमएल म्हणजे नक्की काय?

घाबरण्यासारखं काही नाही. केएमएल फाइल म्हणजे आकड्यांची यादी. शेताच्या बांधावरून चालत जाऊन प्रत्येक कोपऱ्यावर खुंटी ठोकावी आणि प्रत्येक खुंटीचे अक्षांश-रेखांश वहीत लिहावेत, तशी. पहिला आणि शेवटचा आकडा एकच असतो, म्हणजे कुंपण पूर्ण होतं. ‘के’ हे अक्षर ‘कीहोल’ या कंपनीचं. गूगलनं ती २००४ मध्ये विकत घेतली आणि तिच्याच कामातून पुढे ‘गूगल अर्थ’ उभं राहिलं.

गंमत अशी की या फाइलमध्ये रेखांश आधी आणि अक्षांश नंतर लिहितात. आपण बोलताना उलट बोलतो. कोणी घाईत आकड्यांची अदलाबदल केली तर रत्नागिरीतली खाण थेट नॉर्वेच्या उत्तरेकडच्या थंडगार समुद्रात जाऊन पडते. एवढी मोठी चूक लगेच दिसते, म्हणून ती फारशी धोक्याची नाही. धोक्याच्या असतात त्या लहान चुका.

उदाहरणार्थ, अहवालात अक्षांश ‘१६ अंश ३० मिनिटं ३६ सेकंद’ असा लिहिलेला असतो. हे घड्याळासारखं आहे, ६० मिनिटांचा एक अंश. दशांशात त्याचे होतात १६.५१. पण कोणी तेच आकडे सरळ जोडून १६.३०३६ असे टाकले, तर जागा दक्षिणेला सुमारे २३ किलोमीटर सरकते. नकाशावर तिथेही डोंगर, झाडी, एखादी वाडी दिसतेच. पाहणाऱ्याला संशय येत नाही, कारण चित्र ‘बरोबर’ वाटतं.

दुसरी चूक जुन्या नकाशांमधून येते. पृथ्वीचा आकार गणितात कसा धरायचा याची एक पद्धत सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांत होती, जीपीएसची पद्धत वेगळी आहे. जुन्या नकाशावरचे आकडे रूपांतर न करता नव्यात टाकले की सगळी हद्द आहे त्या आकारात थोडी बाजूला सरकते. आकार तोच, क्षेत्रफळ तेच, फक्त खालची जमीन बदललेली.

आणि तिसरी चूक घरचीच. सातबारा आणि गट नंबर ज्या गाव नकाशावर बसलेत, ते नकाशे साखळीनं मोजून काढलेल्या काळातले आहेत. कापडावरचा, घड्या पडलेला, आक्रसलेला नकाशा स्कॅन करून उपग्रहाच्या चित्रावर बसवायचा म्हणजे जुना सदरा अंगावर चढवण्यासारखं आहे. खांद्याला बसवला की कमरेला आवळतो. गावच्या शिवेवर, दोन गटांच्या बांधावर मतभेद होतात ते इथे. म्हणून ज्या ठिकाणी वाद आहे तिथे भूमी अभिलेख खात्याची प्रत्यक्ष मोजणी आणि केएमएल यांचा मेळ बसतो का, हे विचारणं अजिबात आगाऊपणाचं नाही.

थरावर थर: ५ किलोमीटरचा खेळ

आता समजा, हद्द बरोबर आहे. पुढचं काम थर लावण्याचं. जुन्या ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक प्लास्टिकच्या शीट आठवतात? एकीवर नद्या, दुसरीवर राखीव वनं, तिसरीवर अभयारण्यं, चौथीवर वस्ती. सगळ्या एकमेकींवर ठेवायच्या आणि सगळ्यांत वर प्रकल्पाची लाल रेघ. कुठे काय ओव्हरलॅप होतं ते दिसतं. जीआयएस म्हणून जे काही आपण ऐकतो त्याचा गाभा इतकाच आहे.

यातला सर्वांत कामाचा थर संरक्षित क्षेत्रांचा. नियम असा आहे की अधिसूचनेत ज्यांना ही अट लागू आहे असे ‘ब’ वर्गातले प्रकल्प राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्य, अधिसूचित संवेदनशील क्षेत्र, अतिप्रदूषित क्षेत्र किंवा आंतरराज्य सीमा यांच्यापासून ५ किलोमीटरच्या आत असतील, तर त्यांच्याकडे ‘अ’ वर्गाचे म्हणून पाहायचं. म्हणजे फाइल राज्याकडून केंद्राकडे. २००६ मध्ये हे अंतर १० किलोमीटर होतं, २०१४ मध्ये ५ केलं गेलं. एका आकड्यानं देशभरात किती प्रकल्पांचा मार्ग बदलला असेल, याची कल्पना कंपास घेऊन कागदावर दोन वर्तुळं काढली की येते. त्रिज्या निम्मी झाली की क्षेत्र चौथाई होतं.

पण अंतर मोजायचं कुठून? हा प्रश्न वरकरणी बाळबोध वाटतो. समजा प्रकल्पाची जागा २ किलोमीटर लांब आहे. अर्जात कोणी हद्दीऐवजी फक्त मधला बिंदू दिला आणि तिथून अभयारण्य ५.६ किलोमीटरवर आलं. कागदावर नियमाच्या बाहेर. पण प्रकल्पाची अलीकडची कड मधल्या बिंदूपासून १ किलोमीटर पुढे आहे, म्हणजे प्रत्यक्षात अंतर ४.६ किलोमीटर. प्रकल्प तोच, अभयारण्य तेच, फक्त टेप कुठे धरली यावर वर्ग बदलला. म्हणूनच ‘एक बिंदू’ देणाऱ्या नकाशावर समाधान मानू नये, पूर्ण हद्द मागावी. रस्ता, पाण्याची किंवा वायूची वाहिनी, वीजवाहिनी यांच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट बघावी: खाणीसोबत जाणारा वाहतुकीचा रस्ता, कन्व्हेयर, राडारोडा टाकायची जागा लाल रेघेच्या आत दाखवली आहे का? धूळ गावात येते ती बहुतेक रस्त्यावरून.

पिक्सेल आणि गुंठा

इथे जरा थांबूया, कारण सगळ्यात जास्त गैरसमज या जागी होतो.

उपग्रहाचं चित्र चौकटींचं बनलेलं असतं. भारतीय वन सर्वेक्षण दर दोन वर्षांनी देशाच्या वनाच्छादनाचा अहवाल काढतं, त्यासाठी वर्षानुवर्षं रिसोर्ससॅट उपग्रहाच्या ज्या कॅमेऱ्याची चित्रं वापरली जातात, त्याची एक चौकट २३.५ मीटर लांब आणि तितकीच रुंद आहे. गुणाकार केला तर साधारण ५५२ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ साडेपाच गुंठे. साडेपाच गुंठ्यांत काय काय असू शकतं? एक घर, परसातली माडाची झाडं, विहीर, गोठा आणि वर एखादी देवळी. उपग्रहाला तिथे एकच रंग दिसतो, सगळ्यांचा मिळून.

शिवाय ‘वनाच्छादन’ या शब्दाची व्याख्या वेगळीच आहे. किमान १ हेक्टर, म्हणजे जवळपास अडीच एकर, जागेवर झाडांच्या माथ्यांनी १० टक्क्यांहून अधिक सावली धरलेली असली की ते वनाच्छादन. जमीन कोणाची, झाडं कसली, हे बघितलं जात नाही. त्यामुळे कोकणातली हापूसची बाग आणि काजूची लागवडही त्या हिरव्या रंगात येऊ शकते. त्याउलट, पुणे-सोलापूरकडचं माळरान या नकाशावर जंगल नसतं, कारण तिथे झाडंच विरळ. लांडगा, खोकड, चिंकारा आणि एकेकाळी सहज दिसणारा माळढोक ज्या जमिनीवर जगले, ती जमीन सरकारी दप्तरात पुष्कळदा ‘पडीक’ म्हणून नोंदलेली. आणि पडीक म्हटलं की प्रकल्पाला ती आयतीच. सौर वीज प्रकल्पांना तर २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरण परवानगी लागतच नाही, त्यामुळे माळरानाच्या बाबतीत अनेकदा सुनावणीचा प्रश्नच उद्भवत नाही.

कोकणच्या सड्यांचंही तसंच. उपग्रहाचा साधा कॅमेरा ढगांपलीकडे बघू शकत नाही. म्हणून स्वच्छ चित्रं मिळतात ती मुख्यतः पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते मेपर्यंतची. मे महिन्यातला जांभ्या दगडाचा सडा कसा दिसतो हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको: तापलेला, काळवंडलेला, ओसाड. तोच सडा जुलै-ऑगस्टमध्ये पाण्यानं भरतो, त्यावर गवत आणि फुलांचे गालिचे येतात, खालच्या वाडीच्या झऱ्यांना तो पाणी पुरवतो. परिणामांच्या अहवालासाठी पायाभूत माहिती गोळा करतात तीसुद्धा सहसा पावसाळा सोडून एका हंगामाची. म्हणजे चित्र कोरड्या दिवसांतलं आणि नोंदीही कोरड्या दिवसांतल्या. मग अहवालात ‘जागेवर जलस्रोत नाही’ असं वाक्य येतं आणि ते लिहिणारा खोटं बोलत असतोच असं नाही. त्यानं वहाळ कोरडा असताना पाहिला. ज्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत तिथे तर आणखी अवघड, कारण कातळात कोरलेली ती चित्रं साडेपाच गुंठ्यांच्या चौकटीत सापडणार कुठून? कोकणातली कातळशिल्पं आज युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. त्यांतली बहुतेक उपग्रहानं शोधलेली नाहीत, पायपीट करणाऱ्या माणसांनी शोधली.

पाणथळ जागांचा थरही असाच आहे. अहमदाबादच्या इस्रोच्या केंद्रानं देशाचा पाणथळ नकाशासंग्रह केला, त्यात हद्दीसकट दाखवलेली जागा किमान २.२५ हेक्टरची, म्हणजे साडेपाच एकरांची आहे. त्याहून लहान तळं नकाशावर निव्वळ एक ठिपका. गावचं तळं साडेपाच एकरांचं असतंच असं नाही.

या सगळ्याच्या उलट टोकाचं उदाहरण पूर्व विदर्भातलं. तिथे महसूल दप्तरात ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेल्या जमिनी आहेत. उपग्रहात बघाल तर बऱ्याच ठिकाणी झाडं सोडा, घरं, शाळा, रस्ते दिसतात. पण सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशानुसार सरकारी नोंदीत जंगल असेल तर ते जंगलच. मे २०२५ मध्ये न्यायालयानं झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमीनच मानल्या, जुन्या वापरासाठी मार्ग मोकळा ठेवून. म्हणजे एका ठिकाणी चित्रात हिरवळ आहे आणि कायद्यानं ते जंगल नाही, दुसऱ्या ठिकाणी चित्रात सिमेंट आहे आणि कायद्यानं ते जंगल आहे. परवानगीच्या नकाशात दोन्ही थर लागतात: जमिनीवर काय आहे तो आणि कागदावर काय आहे तो. फक्त एकच दाखवणारा नकाशा अर्धा समजावा.

किनाऱ्यावर मिलिमीटरची किंमत

सीआरझेड हा शब्द मुंबई-कोकणात लहान मुलांनाही माहीत असतो. किनारपट्टीचा पहिला नियम १९९१ चा, मग २०११ चा, आणि आता जानेवारी २०१९ मध्ये निघालेला. सगळ्याचा पाया एकच: समुद्राची भरती जिथवर येते ती रेषा. तिथून मीटर मोजायचे. २०१९ च्या नियमात दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर, म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोक असतील तिथे, बांधकामबंदीचा पट्टा ५० मीटर. त्याहून विरळ वस्तीत २०० मीटर. खाडीच्या कडेनं ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, जे कमी असेल ते.

किनारपट्टी व्यवस्थापनाचे मुख्य नकाशे १:२५,००० या प्रमाणात असतात. म्हणजे नकाशावरचा १ मिलिमीटर जमिनीवर २५ मीटर. ५० मीटरचा पट्टा त्या कागदावर २ मिलिमीटरचा झाला. रेषाच अर्धा मिलिमीटर जाड छापली असेल, तर तिच्या जाडीत साडेबारा मीटर जमीन गेली. तेवढ्यात एक घर आणि अंगण मावतं. ते घर रेषेच्या आत की बाहेर, हे त्या नकाशावरून कोणालाच सांगता येणार नाही. त्यासाठी गावपातळीचे मोठ्या प्रमाणातले, १:४,००० च्या आसपासचे नकाशे लागतात. त्यात १ मिलिमीटर म्हणजे ४ मीटर.

नियमानं या मोठ्या नकाशांवर फक्त भरती रेषा दाखवून चालत नाही. मच्छीमार गावं, त्यांच्या सामायिक वापराच्या जागा, धक्के, बर्फाचे कारखाने, मासळी सुकवायच्या जागा, हे सगळं त्यावर यायला हवं. मुंबईपासून सिंधुदुर्गपर्यंत कोळी समाजाच्या संघटना सुनावण्यांमध्ये हाच मुद्दा वर्षानुवर्षं मांडत आल्या आहेत: आमचे कोळीवाडे, आमची बोंबील वाळवायची जागा, आमची मासेमारीची क्षेत्रं नकाशात धडपणे दाखवा. बाहेरच्याला यात फार काय अडलंय असं वाटू शकतं. पण उपग्रहाच्या चित्रात मासळी सुकवायची जागा म्हणजे रिकामी वाळू. नकाशावर नाव लिहिलं नाही तर उद्या तिथे जेट्टी, रस्ता किंवा हॉटेल आखणारा माणूस ‘मोकळी जागा’ असंच म्हणेल.

नकाशानं वाचवल्याचंही उदाहरण इथलंच आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कांदळवनांची तोड थांबवण्याचा आदेश दिला, तेव्हा उपग्रहाच्या चित्रांवरून कांदळवनांचे नकाशे करा आणि सरकारी जमिनीवरची कांदळवनं संरक्षित वन म्हणून जाहीर करा, असंही सांगितलं. त्याआधी ‘इथे कांदळवन होतंच कुठे?’ असं भराव टाकणाऱ्याला बिनधास्त म्हणता यायचं. जुन्या चित्राची तारीख समोर ठेवली की हा प्रश्न विचारणं अवघड होतं. २०१८ मध्ये न्यायालयाचा अंतिम निकालही कांदळवनांच्या बाजूनं आला. १,००० चौरस मीटरहून मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा राखीव पट्टा सोडायचा हा नियम आज सीआरझेडमध्ये आहे.

एकच सह्याद्री, दोन नकाशे

काही जण म्हणतात, उपग्रह आल्यामुळे आता वाद संपले, चित्र खोटं बोलत नाही. चित्र नसेल बोलत, पण त्याला प्रश्न कोणता विचारला यावर उत्तर बदलतं. पश्चिम घाटाइतकं चांगलं उदाहरण याला नाही.

माधव गाडगीळ यांच्या समितीनं २०११ च्या अहवालात साऱ्या घाटावर ५ मिनिटं अक्षांश गुणिले ५ मिनिटं रेखांशाची जाळी टाकली. एक चौकोन साधारण ९ किलोमीटर लांब-रुंद. प्रत्येक चौकोनाला जैवविविधता, उतार, उंची अशा निकषांवर गुण दिले आणि संवेदनशीलतेच्या तीन पायऱ्या केल्या. जवळपास सगळाच घाट कुठल्या ना कुठल्या पायरीत आला. पुढे कस्तुरीरंगन समितीनं २०१३ मध्ये वेगळा प्रश्न विचारला: यातला नैसर्गिक भूभाग कोणता आणि माणसानं वसवलेला, कसलेला कोणता? चौकोनाऐवजी त्यांनी गाव हे एकक धरलं. संवेदनशील म्हणून निघालं ते सुमारे ३७ टक्के क्षेत्र.

दोन्ही समित्यांकडे उपग्रहाची माहिती होती आणि डोंगरही तेच होते. जाळीच्या नकाशावर आक्षेप असा की ९ किलोमीटरच्या चौकोनात बाजारपेठही येते आणि देवराईही. गावाच्या नकाशावर आक्षेप असा की वाघाला, नदीला आणि दरडीला गावची शीव माहीत नसते. शिवेच्या अलीकडचं गाव यादीत, पलीकडचं बाहेर, आणि दोघांच्या डोक्यावर एकच डोंगर. माझ्या मते दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, पण प्रशासन गावाच्या यादीवर चालतं हेही खरं. केंद्रानं दुसऱ्या वाटेनं जात २०१४ पासून मसुद्यामागून मसुदे काढले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा, वायनाडच्या दरड दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवसाचा. त्यात एकूण ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, पैकी महाराष्ट्राचं १७,३४० आणि गोव्याचं १,४६१.

अरवलीचा वाद तुमच्या टाइमलाइनवर येऊन गेला असेल. तिथेही भांडण हेच होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आसपासच्या जमिनीपासून १०० मीटर उंच असेल तीच अरवलीची टेकडी, ही व्याख्या मान्य केली आणि डिसेंबरअखेर स्वतःच तो आदेश स्थगित ठेवला. उंचीनं मोजलं तर बुटक्या टेकड्या नकाशातून गळतात, उतारानं मोजलं तर राहतात. संगणकाला दोन्ही करता येतं आणि दोन्ही उत्तरं तो तितक्याच खात्रीनं देतो.

फोनवर काय बघता येईल?

गावात सुनावणीची नोटीस लागली असेल तर पहिलं काम, हद्दीची फाइल किंवा निदान कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश मिळवणं. परिवेशवर प्रस्तावाचा क्रमांक टाकून कागदपत्रं शोधा. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद अशा ठिकाणी बघायला ठेवलेला असतो आणि त्यात कोपऱ्यांचा तक्ता बहुधा सुरुवातीच्या प्रकरणातच असतो. केएमएल मिळाली तर गूगल अर्थच्या अ‍ॅपमध्ये ती थेट उघडते. फक्त तक्ता मिळाला तर मिनिटांना ६० नं आणि सेकंदांना ३,६०० नं भागून अंशात मिळवा आणि एकेक बिंदू टाका. दशांशचिन्हापुढे किती आकडे दिलेत तेही बघा: तीनच असतील तर खुंटी शंभरेक मीटर इकडेतिकडे असू शकते, पाच असतील तर साधारण एक मीटर.

मग त्या जागी प्रत्यक्ष जा. फोनचं लोकेशन चालू ठेवून विहीर, झरा, वहाळाचा उगम, देवराई, स्मशान, पाणंद, गुरं चारायची जागा यांचे फोटो काढा. लाल रेघेपासून यांतलं काय किती मीटरवर आहे ते लिहून ठेवा. पावसाळ्यातला जुना फोटो किंवा व्हिडिओ कोणाच्या फोनमध्ये असेल तर तो शोधून काढा, त्याची तारीख पुसू देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या फोटोतली जागा-तारखेची माहिती बहुधा निघून जाते, म्हणून मूळ फोटो ज्याच्या फोनमध्ये आहे त्याच्याकडेच जपून ठेवायला सांगा.

जुनी परिस्थिती दाखवायची असेल तर संगणकावरच्या गूगल अर्थमध्ये मागच्या वर्षांची चित्रं सरकवून बघता येतात. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं कोणालाही फुकट मिळतात, तीही दर काही दिवसांनी नवी. त्यांची चौकट १० मीटरची, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. अमेरिकेच्या लँडसॅटचा साठा तर १९७० च्या दशकापर्यंत मागे जातो. इस्रोचं ‘भुवन’ पोर्टल आहे. कॉलेजातल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला ‘क्यूजीआयएस’ हे मोफत सॉफ्टवेअर येत असेल तर थर लावून देणं तिला-त्याला एका संध्याकाळचं काम.

सुनावणीत ‘आमचा विरोध आहे’ एवढंच लिहून दिलं तर त्याची नोंद होते, उत्तरही बहुधा साचेबंद येतं. ‘तक्त्यातल्या चौथ्या आणि पाचव्या बिंदूंच्या मधोमध बारमाही झरा आहे, अहवालातल्या जलस्रोतांच्या नकाशात तो नाही, सोबत तारखेसह फोटो आणि अक्षांश-रेखांश जोडले आहेत’ असं लेखी दिलं तर त्याचं उत्तर अंतिम अहवालात द्यावं लागतं, आणि ते दिलं गेलं नाही तर तज्ज्ञ समितीसमोर बोट ठेवायला जागा राहते. जाणूनबुजून खोटी माहिती दिली किंवा महत्त्वाची माहिती लपवली तर अर्ज फेटाळता येतो आणि दिलेली मंजुरीही रद्द करता येते, अशी तरतूद २००६ च्या अधिसूचनेतच आहे. मंजुरी मिळाल्यानंतर हरित न्यायाधिकरणात अपील करायला ३० दिवस असतात, सबळ कारण असेल तर त्यापुढे आणखी ६० दिवसांपर्यंत. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी त्याचं खंडपीठ पुण्यात आहे. त्या दिवसांत झरा शोधत फिरायला वेळ मिळत नाही. फोटो पावसात काढलेले बरे.